'टायटॅनिक' की 'ऑलिंपिक'? : एका तर्काचे परीक्षण

१५ एप्रिल १९१२ रोजी पहाटे उत्तर अटलांटिक महासागरात बुडालेले जहाज 'टायटॅनिक' नसून त्याचे ज्येष्ठ भावंड 'ऑलिंपिक' होते, हा तर्क रॉबिन गार्डिनर यांच्या १९९८ सालच्या ग्रंथामुळे विशेष प्रसार पावला. बेलफास्ट येथील एकाच गोदीत बांधलेल्या या जहाजांपैकी 'ऑलिंपिक'चा बांधणी-क्रमांक ४०० व 'टायटॅनिक'चा ४०१ होता. २० सप्टेंबर १९११ रोजी 'ऑलिंपिक'ची 'हॉक' या ब्रिटिश युद्धनौकेशी टक्कर झाली. तीत ते कायमचे निकामी झाले, म्हणून मालकांनी नावांची अदलाबदल करून विम्यासाठी ते बुडविले, हे या तर्काचे सार होय.

प्रथम हेतूचा विचार करावा. 'टायटॅनिक'च्या बांधणीस सुमारे १५ लक्ष पौंड लागले होते. विमा १० लक्षांचाच होता. जहाज बुडवून मालकांच्या पदरी तूटच येणार होती. काळाचा हिशेबही जुळत नाही. दुरुस्त झालेले 'ऑलिंपिक' नोव्हेंबर १९११ अखेर पुन्हा प्रवासी वाहू लागले, तेव्हा 'टायटॅनिक' अपुरे होते. त्याच्या जागी ते धाडणे अशक्य होते. म्हणजे निकामी म्हटले गेलेले जहाज पुढे तीन महिने अटलांटिक ओलांडीत राहिले. मार्च १९१२ च्या आरंभी ते प्रोपेलरच्या दुरुस्तीसाठी बेलफास्टला परतले खरे. परंतु तो मुक्काम जेमतेम आठवड्याचा होता.

एवढ्या अवधीत केवळ नाव पालटून भागले नसते. 'टायटॅनिक'च्या 'बी' डेकवरील खोल्या जहाजाच्या कडेपर्यंत वाढविल्या होत्या, म्हणून तेथील खिडक्यांची रांग विषम होती. 'ऑलिंपिक'वर त्याच जागी फिरण्याचा सज्जा होता. 'ए' डेकच्या सज्ज्याचा पुढील अर्धा भाग 'टायटॅनिक'वर बंदिस्त होता. 'ऑलिंपिक'वर तो १९३५ साली जहाज सेवेतून निघेपर्यंत उघडाच राहिला. १९८५ साली सापडलेल्या अवशेषांत 'टायटॅनिक'चीच रचना दिसते.

अवशेषांतील प्रोपेलरवर ४०१ हा अंकही आढळला आहे. तथापि 'ऑलिंपिक'च्या दुरुस्तीत 'टायटॅनिक'चे काही भाग वापरले गेले होते. त्यामुळे प्रोपेलरही त्यांतलाच, असे म्हणण्यास तर्कवाद्यांना वाव उरतो. हस्तलिखिताचा काळ केवळ पुष्पिकेवरून न ठरविता भाषा, लिपी व कागद यांची साक्ष घ्यावी लागते. तोच न्याय येथेही लागू आहे. हेतू, काळ, रचना आणि अंक या परस्परांवर अवलंबून नसलेल्या साक्षी एकाच निष्कर्षाकडे नेतात. तर्कवाद्यांना मात्र प्रत्येक साक्षीसाठी नवे गृहीतक उभे करावे लागते.

या वादात मूळ प्रश्न झाकला जातो. जहाजावर सुमारे २,२०० माणसे होती. २० होड्यांत जागा १,१७८ जणांपुरती होती आणि तरीही नियमभंग झालेला नव्हता. कारण होड्यांविषयीचे नियम १८९४ सालचे होते. १०,००० टनांहून मोठ्या जहाजांचा निराळा विचार त्यांत नव्हता आणि 'टायटॅनिक' ४६,००० टनांचे होते. सुमारे १,५०० मृत्यूंचे उत्तरदायित्व गुप्त कटाकडे नेले, की कालबाह्य नियम निर्दोष ठरतात.