खरखरीत शब्दाची गोष्ट : एक्झॅस्परेट

आजचा शब्द आहे एक्झॅस्परेट. अर्थ? एखाद्याला पुरतं वैतागवणं, जेरीस आणणं. पण नुसता अर्थ पाठ केलात तर चार दिवसांत विसराल. म्हणून मी आधी त्याचा इतिहास सांगतो.

लॅटिनमध्ये 'आस्पेर' म्हणजे खरखरीत, खडबडीत. त्याला 'एक्स' हा उपसर्ग लागून क्रियापद बनलं. खरखरीत करणं, हा मूळ अर्थ. त्यावरूनच पुढे चिडवणं. सोळाव्या शतकात शब्द इंग्रजीत आला, शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'मध्येही तो सापडतो. पूर्वी आजार चिघळवण्यालासुद्धा हाच शब्द वापरत.

याच आस्पेरचं एक रूप अमेरिकेत भेटतं. कॅन्सस राज्याने १८६१ साली ब्रीदवाक्य घेतलं 'आद आस्त्रा पेर आस्पेरा', म्हणजे खडतर वाटेने ताऱ्यांकडे. २७ जानेवारी १९६७ला अपोलो १ यानात चाचणीच्या वेळी आग लागून तीन अंतराळवीर गेले. केप कॅनव्हेरलच्या ३४ क्रमांकाच्या तळावर त्यांच्या स्मरणफलकावर हेच शब्द आहेत. एकच मूळ : कुठे माणसाला खरवडून काढणारं, तर कुठे वाट दाखवणारं.

आता वापर बघू. अँग्री म्हणजे रागावलेला, तो राग एका क्षणात येतो. एक्झॅस्परेटेड माणूस मात्र हळूहळू घासला गेलेला असतो. तीच चूक पाचव्यांदा, तेच उत्तर दहाव्यांदा, आणि सहनशक्ती संपते. कुरिअरची तक्रार लिहिताना 'आय अॅम अँग्री' म्हटलंत, तर समोरच्याला फक्त तुमचा राग दिसतो. 'आय अॅम एक्झॅस्परेटेड बाय द रिपीटेड डिलेज' म्हटलंत, तर कारणही दिसतं, आणि तुम्ही किती वाट पाहिली तेही. परक्या भाषेत आपली बाजू मांडताना हा फरक मोलाचा असतो.

एक सावधगिरी. 'एक्झॅसर्बेट' हा वेगळा शब्द आहे. त्याचं मूळ 'आसेर्बुस', म्हणजे कडू, तिखट. आज आपण माणसाला एक्झॅस्परेट करतो आणि परिस्थिती एक्झॅसर्बेट करतो, म्हणजे आणखी बिघडवतो. एवढं लक्षात ठेवा.

आणि स्वतःबद्दल सांगायचं तर एक्झॅस्परेटेड, वैताग आणणाऱ्या गोष्टीबद्दल एक्झॅस्परेटिंग. आज तुम्हाला कशाने जेरीस आणलं, त्याचं एक वाक्य मोठ्याने म्हणून बघा. भेटू पुढच्या भागात!