तळटीप : कम्पल्सरी

१. कम्पल्सरी : (विशेषण) नियमाने किंवा कायद्याने बंधनकारक, सक्तीचे, विरुद्धार्थी ‘ऐच्छिक’. मनाच्या अनावर ओढीसाठी इंग्रजीत ‘कम्पल्सिव्ह’ हे वेगळे विशेषण आहे. सक्ती कोणावर, हे संदर्भावरून ठरते. ‘कम्पल्सरी’ विषय विद्यार्थ्याला टाळता येत नाही; २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातील ‘कम्पल्सरी’ मात्र ६ ते १४ वर्षांच्या मुलांना शिक्षण देण्याचे बंधन सरकारवर घालते. पण शिक्षणाविषयीची प्रत्येक तरतूद अशी बंधनकारक नसते. पांढुर्णा आणि सौंसर हे मराठीभाषक तालुके १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर मध्य प्रदेशातच राहिले आणि तेथील मराठीभाषक त्या राज्यात भाषिक अल्पसंख्याक ठरले. त्याच वर्षी राज्यघटनेत आलेला अनुच्छेद ३५०क भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करण्यासाठी राज्याने प्रयत्न करावा, असे सांगतो. या तरतुदीला ‘कम्पल्सरी’ म्हणणे चूक आहे.