नारळपाणी पिऊन रोपं वाढतात?

जळगावच्या केळीबागांमधली बरीच रोपं टिश्यू कल्चरची असतात, म्हणजे प्रयोगशाळेत बाटलीत वाढवलेली. बाटलीत माती नसते. साखर, क्षार, जीवनसत्त्वं आणि वाढ घडवणारी संप्रेरकं असतात. अशी संप्रेरकं नारळपाण्यातही असतात.

कारण नारळपाणी हे मुळात नारळाच्या कोवळ्या गर्भाचं अन्न. त्यातलं झिएटिन हे संप्रेरक पेशींचं विभाजन वाढवतं. १९४१ मध्ये शास्त्रज्ञांनी नारळपाण्यावर धोत्र्याचे अगदी लहान भ्रूण वाढवले. १९५८ मध्ये अमेरिकेत एफ. सी. स्टीवर्ड यांनी त्याच्याच मदतीने गाजराच्या पेशींपासून अख्खी रोपं तयार केली.

मग सगळ्याच प्रयोगशाळा तेच का वापरत नाहीत? कारण प्रत्येक नारळ वेगळा. जात किंवा वय बदललं की संप्रेरकांचं प्रमाण बदलतं. शेतकऱ्याला मात्र हजारो रोपं एकसारखी हवी असतात. तिथे मोजून घालता येणारं कृत्रिम संप्रेरकच भरवशाचं. ऑर्किडच्या प्रयोगशाळांत नारळपाणी आजही वापरतात.

आणि हो, हे वाचून कुंडीत शहाळं ओतू नका! बाटलीत सगळं निर्जंतुक असतं. घरच्या मातीत त्यातल्या साखरेवर बुरशी वाढू शकते.