सकळ लिपी ते 1930 : किल्ली सांभाळा

मंडळी, जरा लांब आहे, पण वाचा.

आपल्या रिद्धपुरात तेराव्या शतकात म्हाइंभटांनी 'लीळाचरित्र' लिहिलं. पुढे महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत जपले. एका अक्षराच्या जागी दुसरंच चिन्ह. पोथी परक्याच्या हाती पडली तरी किल्ली असल्याशिवाय वाचता येत नसे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राजवाडे, भावे यांच्यासारख्या अभ्यासकांपर्यंत किल्ली पोचली अन् लिपी उलगडली. तिथं भलंच झालं. पण धडा पक्का: किल्ली गेली की कुलूप संपलं.

आता सरकारची कुलपं पाहा. 2000 साली माहिती तंत्रज्ञान कायदा आला, पण दुसऱ्याची ओळख चोरून फसवण्याची स्वतंत्र कलमं लागू व्हायला 2009 उजाडलं. 2016 मध्ये महाराष्ट्रात जिल्ह्याजिल्ह्यांत सायबर लॅब उघडल्या. तरी ऑगस्ट 2018 मध्ये पुण्याच्या 1906 सालच्या कॉसमॉस बँकेवर दरोडा पडलाच. ना बंदूक, ना तोंडाला फडकं. बनावट कार्डांनी 28 देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले. एकूण 94 कोटींच्या वर गेले. त्यानंतर ऑक्टोबरात रिझर्व्ह बँकेनं नागरी सहकारी बँकांना सायबर सुरक्षेचे किमान नियम घालून दिले. 2022 मध्ये केंद्रानं सांगितलं, सायबर हल्ला झाला की सहा तासांत कळवा.

म्हणजे सरकार हलतं, पण बहुतेक वेळा चोर येऊन गेल्यावर.

एक गोष्ट मात्र खरंच कामाची झाली, 1930 हा हेल्पलाइन नंबर. लगेच फोन केला तर चोराच्या खात्यात गेलेले पैसे पुढे जायच्या आधी अडवता येतात. पण हे गावात माहीत कोणाले?

ओळखीच्या एका काकांनी फोनवर ओटीपी सांगितला, सोयाबीनचे पैसे गेले. काका सकाळी बँकेत, तिथून ठाण्यात, मग अमरावतीले. "1930 लावा" असं कोणीच म्हटलं नाही. दीड दिवस गेला, पैसेही गेले.

माझी मागणी साधी आहे. ग्रामपंचायत, बँक, बसस्टँड, रेशन दुकान, सगळीकडे 1930 चा मोठा मराठी बोर्ड लावा. याले कोणता निधी लागते?

अन् आपण? ओटीपी म्हणजे आपली किल्ली. ती कोणालेच सांगू नका. आज घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या मोबाइलमध्ये 1930 सेव्ह करून द्या. तेवढं झालं तरी ही पोस्ट लिहिल्याचं सार्थक.