चार फणांची कुरी

तारळी जेथे कृष्णेला मिळते त्या उंब्रजच्या शिवारात पेरणीच्या दिवसांत घटकाभर उभे राहावे. पुढे बैलजोडी, मागे कुरी, आणि चाड्यात मूठमूठ बियाणे सोडणारा हात. चाडे एकच, पण त्यातून चार नळ्या निघतात आणि चार फणांमागे चार ओळी एकदम पेरल्या जातात. बैलांचा एक फेरा, काम चौपट. कुणी हिला पाभर म्हणतो, तीन फणांची असली तर तिफण. वाचकहो, घरातला संगणक चित्रपट दाखवू लागला आणि गाणे ऐकवू लागला, तो ह्याच युक्तीने. तिचाच हा इतिहास.

संगणकातली आकडेमोड करणारा भाग म्हणजे प्रोसेसर. त्याचा जन्म हिशेबासाठी झाला. १९९० च्या सुमाराचा घरगुती प्रोसेसर एका वेळी ३२ बिटांची, म्हणजे सुमारे ४२९ कोटींपर्यंतची संख्या हाताळी. चित्राचे काम मात्र निराळे. चित्र म्हणजे ठिपक्यांची रांगोळी, आणि एका ठिपक्याचा उजेड सांगायला ० ते २५५ एवढ्या संख्या, म्हणजे ८ बिटे, पुरतात. पण ठिपके किती? व्हिडिओ सीडीवरच्या एका चित्रात ३५२ गुणिले २८८ ठिपके, आणि सेकंदाला अशी २५ चित्रे. सेकंदाला २५,३४,४०० ठिपके झाले! एवढी मोठी गाडी जुंपायची आणि प्रत्येक खेपेला त्यात मूठभरच धान्य न्यायचे, असा हा प्रकार होता. म्हणून त्या काळी चित्रपट पाहण्यासाठी संगणकात पुष्कळदा वेगळे कार्ड बसवावे लागे.

उपाय नवा नव्हता. अमेरिकेतल्या लिंकन प्रयोगशाळेत १९५८ मध्ये चालू झालेल्या टीएक्स-२ ह्या यंत्रात ३६ बिटांच्या शब्दाचे चार तुकडे करून चारींवर एकदम काम करता येई. पुढे ही कल्पना मागे पडली. १९९४ मध्ये ह्यूलेट-पॅकार्डने व १९९५ मध्ये सन कंपनीने ती आपल्या प्रोसेसरांत आणली. पण ती यंत्रे सामान्य घरांतली नव्हती.

घरांत शिरला होता तो इंटेलचा पेंटियम, १९९३ चा. त्याच्या घडणीत पुण्यात जन्मलेल्या विनोद धाम ह्यांचा मोठा वाटा होता. ह्या पेंटियमला फण जोडण्याचे काम इस्रायलमधील हैफा येथे झाले. अ‍ॅलेक्स पेलेग व उरी वायझर ही त्यांतली दोन नावे. जानेवारी १९९७ मध्ये 'एमएमएक्स' पेंटियम बाजारात आला. त्यात ५७ नव्या आज्ञा होत्या. ६४ बिटांच्या एका कप्प्यात आठ लहान संख्या ठेवायच्या आणि एकाच आज्ञेने आठही बेरजा करायच्या. एक ओढ, आठ ओळी!

आणखी एक शहाणपण पाहा. आठ बिटांत २०० व १०० मिळवले तर बेरीज ३०० मावत नाही. जुन्या रीतीने ती फिरून ४४ होते. म्हणजे उजळ ठिपका एकदम काळवंडायचा. नव्या आज्ञा अशा वेळी २५५ वरच थांबू शकत. भरलेले माप ओतू जाते, रिकामे होत नाही, तसेच हे.

परंतु एक अडचण होती. ह्या कामासाठी नवे कप्पे केले असते तर एका कामावरून दुसऱ्या कामावर जाताना ते सांभाळण्यासाठी आधीच्या सर्व संगणकांची मूळ व्यवस्था बदलावी लागली असती. म्हणून अपूर्णांकांच्या हिशेबाचे जुने कप्पेच वापरले. जुने काही मोडले नाही. पण दोन्ही कामे सरमिसळ करता येईनात, मध्ये कप्पे साफ करण्याची आज्ञा द्यावी लागे. अखेर १९९९ च्या पेंटियम थ्रीमध्ये १२८ बिटांचे स्वतंत्र कप्पे आले, आणि २०११ मध्ये २५६ बिटांचे.

धाम ह्यांनी १९९५ मध्ये इंटेल सोडली होती. ते नेक्सजेनमध्ये गेले, ती कंपनी एएमडीने घेतली, आणि १९९७ मध्ये एएमडीचा के-६ हा प्रतिस्पर्धी प्रोसेसर आला, तोही एमएमएक्सच्याच आज्ञा घेऊन.

ह्याच काळात पुण्यात दुसरी वाट चोखाळली जात होती. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकने विजय भटकर ह्यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक उभा केला. तेथे एका कुरीला फण वाढवले नव्हते. अनेक कुऱ्या, प्रत्येकीचा शेतकरी वेगळा, एकाच रानात उतरवल्या होत्या. आजच्या फोनमध्ये दोन्ही वाटा एकत्र आल्या आहेत: प्रोसेसरचे गाभे अनेक आणि प्रत्येकाला फण अनेक. शिवाय चित्रपट उलगडण्यासाठी स्वतंत्र भागही परत आला आहे, कारण त्यात वीज कमी लागते. टाकून दिलेले कार्ड नखाएवढे होऊन घरी परतले म्हणायचे!

एवढे मात्र ध्यानात ठेवावे की, सगळ्या ओळींत एकच काम असेल तरच फण उपयोगी. प्रत्येक पावलाला मागच्या पावलाचे उत्तर लागत असेल, तर एकेकच पाऊल टाकावे लागते. पण जेथे रान सारखे आहे तेथे बैलांना चाबूक मारण्यापेक्षा कुरीला फण वाढवणे बरे. हे आमच्या शेतकऱ्याने केव्हाच ओळखले होते. त्या पहिल्या कुरी करणाऱ्या सुताराचे नाव मात्र कोणत्याच बखरीत नाही. यंदा दिवाळीत घरची मुले फोनवर गाणे लावतील, तेव्हा त्याची आठवण करावी.