गदामिस : पाण्याचा हिशेब ठेवणारे गाव

लिबियाच्या पश्चिम टोकाला, अल्जीरिया आणि ट्युनिशियाच्या सीमा जिथे भेटतात तिथे, खजुराच्या बागांमध्ये गदामिस हे जुने गाव वसले आहे. रोमन लोक त्याला सिदामुस म्हणत. सातव्या शतकात इथे इस्लाम पोहोचला.

या गावात शिरणारा माणूस उन्हातून थेट अंधारात येतो. गल्ल्यांवर घरांचेच वरचे मजले पसरलेले आहेत. उजेड येतो तो अधूनमधून ठेवलेल्या झरोक्यांतून. भिंती उन्हात वाळवलेल्या मातीच्या विटांच्या, छत खजुराच्या खोडांचे. तळमजल्यावर सामानाचे कोठार, वर कुटुंबाचे राहणे आणि सर्वात वर गच्ची. गच्च्या एकमेकींना जोडलेल्या. गल्ल्या पुरुषांच्या, तर गच्च्या बायकांच्या. या घरातून त्या घरी जाणेयेणे, देणेघेणे सगळे वरूनच चाले. पांढऱ्या भिंतींवरची लाल नक्षीही बायकांच्याच हातची.

हे सगळे उभे राहिले ते ऐन अल-फरस, म्हणजे घोडीच्या झऱ्यावर. घोडीच्या टापेखाली पाणी लागले, अशी दंतकथा सांगतात. मला मात्र दंतकथेपेक्षा पुढची व्यवस्था मोठी वाटते. बुडाला भोक असलेल्या भांड्याने वेळ मोजून प्रत्येक बागेला तिच्या वाट्याचे पाणी सोडले जाई. आपल्याकडच्या पाणीपाळीसारखेच. वाळवंटात टिकायचे तर वाटणी चोख हवी, हे या लोकांना पक्के ठाऊक होते.

हाच हिशेबीपणा व्यापारातही होता. गदामिसचे व्यापारी सहारा ओलांडून टिंबक्टू आणि कानोपर्यंत जात. सोने, हस्तिदंत, शहामृगाची पिसे यांची ने-आण होई. त्याच काफिल्यांतून गुलाम म्हणून माणसेही विकायला नेली जात. गावाचे कौतुक करताना हे झाकून चालणार नाही.

गेल्या शतकाच्या उत्तरार्धात सरकारने शेजारी नवी वस्ती बांधली आणि लोक तिकडे गेले. १९८६ मध्ये युनेस्कोने जुन्या गावाला जागतिक वारसा ठरवले. युद्धाच्या धामधुमीत २०१६ मध्ये ते धोक्यातील वारशांच्या यादीत गेले आणि दुरुस्तीनंतर २०२५ मध्ये त्या यादीतून बाहेर आले.

पण मातीची भिंत यादीने टिकत नाही, ती लिंपावी लागते. गदामिसच्या अनेक कुटुंबांनी जुनी घरे सोडलेली नाहीत. उन्हाळा तापला की ती गारव्यासाठी तिथे परततात. घरात वावर आहे म्हणून पडलेला पोपडा वेळीच दिसतो आणि भरलाही जातो.