उलटी बाजू

'स्वीडिश विणकाम' म्हटल्यावर आम्हांला वाटलं, माग लागणार! छे! हकबॅक नावाच्या टॉवेलच्या कापडावर मुद्दाम वर सोडलेले धागे असतात. त्यांच्याखालून सुईने रंगीत दोरा ओवायचा. १९३० आणि १९४० च्या दशकांत अमेरिकेत घरोघर याची साथ होती. नक्षी हवी तर आलेखाच्या कागदावर स्वतः आखावी, मधोमध फूल मांडून दोन्हीकडे सरकावं. आम्ही डावीकडून निघालो; उजव्या कडेला अर्धंच फूल उरलं! गंमत म्हणजे सुई पलीकडे जातच नाही. उलटी बाजू कोरी. कुण्या गृहिणीने किती कागद फाडले, कितीदा उसवलं, कशाचीच खूण नाही. हात पुसणाऱ्या यजमानांना टॉवेल दुकानातूनच तसा आला वाटत असेल. आम्ही हल्ली टॉवेल आधी उलटून बघतो. मागे कोरा दिसला, की जरा जपूनच हात पुसतो.